सुटणारे चाक

आमच्या लाखनीवरून नागपूरहून रायपूरकडे जाणारा मोठा रस्ता जातो. जुनी माणसे त्याला ग्रेट ईस्टर्न रोड म्हणत. पुढे तो राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ झाला आणि आता त्याला ५३ हा क्रमांक मिळाला आहे. दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या आणि मधून रात्रंदिवस धावणारे ट्रक, असे या रस्त्याचे रूप आहे. त्याच्या कडेला माझ्या एका विद्यार्थ्याचे गॅरेज आहे. सेवानिवृत्त झाल्यापासून संध्याकाळचे फिरणे आटोपले की मी घटकाभर तेथे टेकतो. तो माझ्यासाठी एक लोखंडी खुर्ची पुसून ठेवतो आणि पुन्हा कामाला लागतो.

एके दिवशी तेथे एक विचित्र जिप्सी उभी दिसली. मागची आसने काढून टाकलेली होती, आणि आत जाड नळ्यांचा एक पिंजराच बसवलेला होता. गाडी नागपूरच्या एका गृहस्थांची होती. ते ती घेऊन नाशिककडे रॅलीला निघणार होते.

रॅली म्हणजे सर्व गाड्या एकदम सुटतात अशी शर्यत नव्हे. येथे गाड्या ठरावीक अंतराने एकामागून एक सोडतात आणि प्रत्येकीला लागलेला वेळ मोजतात. चालकाच्या शेजारी एक सोबती बसतो. पुढचे वळण कोणत्या हाताला आहे आणि ते किती अवघड आहे, हे तो वहीत पाहून मोठ्याने सांगत असतो. १९६८ साली लंडनहून सिडनीला अशी एक प्रचंड रॅली निघाली होती. ९८ मोटारींनी प्रस्थान ठेवले. त्यांतल्या ज्या तगल्या, त्या अफगाणिस्तान आणि पाकिस्तान ओलांडून मुंबईस आल्या, आणि तेथून ‘चुसान’ नावाच्या जहाजात बसून ऑस्ट्रेलियास गेल्या. आपल्या नाशिकच्या परिसरातही ‘रॅली ऑफ महाराष्ट्र’ या नावाने अशा शर्यती झालेल्या आहेत.

त्या दिवशी माझा विद्यार्थी या जिप्सीला नवे सुकाणू बसवत होता. मी मराठीचा एम. ए. असल्यामुळे ‘सुकाणू’ म्हणालो. तो हसून म्हणाला, “सर, इथे सगळे स्टेरिंगच म्हणतात.” मग मीही स्टेरिंग म्हणू लागलो. भाषा शेवटी गॅरेजातही राहतेच.

या स्टेरिंगचे वैशिष्ट्य असे, की ते चटकन काढून हातात घेता येते. ऐकून मला धक्काच बसला. “अरे, मोटारीत जे कधीही सुटू नये, तेच तू सुटेल असे करतोस?” मी विचारले.

उत्तरादाखल त्याने मला चालकाच्या आसनावर बसवले. आसन खोल परातीसारखे असून त्याच्या दोन्ही कडा मांड्यांच्या वर येत होत्या. खांद्यांवरून आणि कमरेवरून पट्टे आवळले. डोक्यावर शिरस्त्राण चढवले. दाराच्या जागी पिंजऱ्याची आडवी नळी होती, आणि पोटापासून वीतभर अंतरावर चाक. “आता उतरा,” तो म्हणाला. पट्टे सोडूनही मला उतरता येईना. गुडघा चाकाला अडे, शिरस्त्राण नळीला लागे. गाडी उलटली असती, पेट्रोल सांडले असते, तर? तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

हे चाक अडते आणि सुटते कसे, तेही त्याने दाखवले. मुलांनो, पंक्चरच्या दुकानात हवेची नळी जोडताना तुम्ही पाहिली असेल. टोकावरचे कडे मागे ओढले की नळी सुटते, आणि दाबून बसवली की ‘टक्’ आवाज होऊन पक्की होते. येथेही तसेच असते. स्टेरिंगच्या दांड्यावर दातेरी तुकडा बसवतात आणि त्यावर एक खाच असते. चाकाच्या बाजूच्या तुकड्यात पोलादी गोळ्या असतात, आणि भोवतालचे कडे त्या गोळ्या खाचेत दाबून धरते. कडे चालकाने स्वतःकडे ओढले की गोळ्यांना बाहेर सरकायला जागा मिळते, आणि चाक हातात येते. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे हे कडे पिवळ्या रंगाचे असते आणि ते चाकाच्या मागे असते. धुरात वा गोंधळात मदतीला धावलेल्या परक्या माणसालाही कोठे हात घालायचा ते कळावे, हा पिवळ्या रंगाचा मोठा उपयोग आहे.

बसवण्याचे काम त्याने फार सावकाश केले. प्रथम पुढची चाके सरळ केली, दांड्यावर खडूने खूण केली, मधला नट ढिला केला आणि जुने स्टेरिंग ओढून काढले. मग दातेरी तुकडा बसवून नट आवळला. नवे चाक मागच्या तुकड्याला सहा बोल्टांनी जोडायचे होते. मालकांनी आणलेल्या सहापैकी एक बोल्ट वाटेत हरवला होता. त्याने आपल्या डब्यातून तसाच एक काढून लावला. चाक दांड्यावर ठेवले, दाबले, टक्! दोन्ही हातांनी जोरात ओढून पाहिले. चाक हलले नाही. मालक खूश झाले आणि पैसे काढू लागले.

“थांबा,” तो म्हणाला, “आता सोडून पाहू.” त्याने कडे ओढले. चाक सुटले. पुन्हा बसवले, पुन्हा ओढले. या वेळी कडे अर्ध्यावर अडले. झटका दिल्यावर सुटले. तिसऱ्या वेळी झटका देऊनही सुटेना.

बॅटरी लावून तो चाकाच्या मागे वाकला. मलाही त्याने दाखवले. डब्यातल्या त्या बोल्टाचे टोक तांदळाच्या दाण्याएवढे पलीकडे डोकावत होते. कडे मागे येताना त्यावर आपटत होते, आणि पिवळ्या रंगावर एक चकचकीत ओरखडा उठला होता. “चूक माझी,” तो म्हणाला, “लांबी मोजली नाही. सकाळी भंडाऱ्याहून सहाही बोल्ट नवे आणतो. आज गाडी जात नाही.”

मालक चिडले. त्यांना रात्रीच निघायचे होते. “चाक घट्ट आहे ना? सुटत नाही, तर बरेच आहे. शर्यतीत ते घट्टच हवे!” त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे वाटत नव्हते. मी तर बोलूनही गेलो, “अरे, एवढ्या दाण्याएवढ्या गोष्टीसाठी...”

त्याने किल्ली खिशात टाकली आणि माझ्याकडे पाहिले. “सर, ती ट्रकची रात्र आठवते का?”

मी विसरलो नव्हतो. तो तेव्हा नववीत होता. पावसाळ्याच्या रात्री याच रस्त्यावर एक ट्रक झाडावर आदळला. धावत गेलेल्यांत मी होतो आणि माझ्यामागे हा मुलगा. समोरचा पत्रा आत येऊन स्टेरिंगने चालकाला आसनाशी चेपले होते. त्याच्या छातीखाली हॉर्न दाबला गेला होता, आणि तो सतत वाजत होता. दार ओढले, दोर बांधले, पहार लावली. चाक तसूभर हलले नाही. गॅस कटर येईपर्यंत हा मुलगा कंदील उंच धरून उभा होता. माणूस वाचला, पण उजवा पाय गेला. हॉर्न केव्हा बंद पडला, ते मला सांगता येणार नाही. कितीतरी वेळ तो कानांत वाजतच होता.

मालक गप्प झाले आणि चहा प्यायला निघून गेले. मीही गप्प बसलो, पण वेगळ्या कारणाने. परीक्षेत हा मुलगा नेहमी सर्वांच्या शेवटी पेपर देई. प्रत्येक उदाहरण दोनदा ताडून पाही. मी एकदा त्याच्या प्रगतिपुस्तकात ‘कामात मंद’ असा शेरा लिहिला होता आणि तो वर्गात वाचूनही दाखवला होता. तो शेरा त्याला आठवत असेल का, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी गॅरेजात गेलो. नवे बोल्ट लागले होते. त्याने वीस वेळा चाक बसवले आणि वीस वेळा काढले. प्रत्येक वेळी बसवल्यावर कडे न ओढता हिसका देऊनही पाहिले. मग म्हणाला, “सर, क्रीडादिनाला घड्याळ तुमच्याच हातात असायचे. आजही धरा.” मालक शिरस्त्राण घालून, पट्टे आवळून बसले. मी हात खाली केला. पहिल्या खेपेस ते एकवीस सेकंदांनी बाहेर आले, आणि चाक कोठे ठेवावे ते त्यांना कळेना. पाचव्या खेपेस नऊ सेकंद लागले. फॉर्म्युला वनच्या चालकांना पूर्वी पाच सेकंदांत बाहेर पडावे लागे, आणि आणखी पाच सेकंदांत चाक परत जागेवर बसवावे लागे. कारण बंद पडलेली गाडी ढकलून बाजूला न्यायची, तर तिला वळवता आले पाहिजे. २०१८ साली चालकाच्या डोक्याभोवती संरक्षक कमान आली, तेव्हा बाहेर पडण्याची मुदत सात सेकंद झाली. हे मी वाचून ठेवले होते. सांगितल्यावर मालकांनी कपाळाचा घाम पुसला आणि स्वतःहून पुन्हा आत जाऊन बसले.

मुलांनो, हे पाहून आपल्या घरच्या मोटारीला असे चाक बसवण्याचा हट्ट मात्र धरू नका. आजच्या मोटारींच्या स्टेरिंगमध्ये अपघाताच्या क्षणी फुगणारी हवेची पिशवी असते. चाक बदलले की ती पिशवीही जाते.

निघण्यापूर्वी मी पाहिले, तर नव्या चाकावर हॉर्नच नव्हता. त्याने त्याचे बटण समोरच्या फळीवर, डाव्या बाजूला बसवले होते.

“तिथे का?” मी विचारले.

“चाक सारखे काढले-घातले की वायर तुटते, सर,” तो म्हणाला, आणि फडक्याने ते बटण पुसू लागला.

मी पुढे काही विचारले नाही. गाडी भंडाऱ्याच्या दिशेने वळली, आणि बांध्यांपलीकडे दिसेनाशी होण्याआधी मालकांनी एकदाच, अगदी थोडका, हॉर्न वाजवला.