दोन छायाचित्रे

मलकापूरच्या माझ्या घरी बैठकीच्या भिंतीवर दोन कृष्णधवल छायाचित्रे शेजारी शेजारी टांगलेली आहेत. एक रत्नागिरीच्या समुद्राचे, दुसरे राजस्थानातील थरच्या वाळवंटाचे. नवखा पाहुणा हमखास फसतो आणि वाळूच्या लहरींना पाण्याच्या लाटा समजतो. त्याला हसण्याचे कारण नाही. जैसलमेरची ती भूमी कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्राखालीच होती. तेथील पिवळ्या दगडांत आजही शंखशिंपल्यांचे अवशेष सापडतात.

आमच्या गावाहून आंबा घाट उतरला की कोकण लागते. 1986 साली, मी नुकताच शिक्षक झालो असताना, पगारातून पैसे साठवून घेतलेला कॅमेरा गळ्यात अडकवून रत्नागिरीला गेलो. त्यातील एका फिल्मवर बाराच छायाचित्रे निघत. त्यामुळे कळ दाबण्यापूर्वी दहादा विचार करावा लागे. रत्नदुर्गाखालच्या खडकांवर उभा राहून मी मनासारखी लाट फुटण्याची वाट पाहत होतो. भरती लागली होती आणि माघारीची वाट पाण्याखाली चालली होती, याचे मला भानच नव्हते. एका वृद्ध कोळ्याने हाका मारल्या, आणि अखेर गुडघाभर पाण्यात उतरून माझा हात धरून मला बाहेर आणले. लाट मात्र मला साधली होती!

1993 च्या दिवाळीच्या सुट्टीत मी जैसलमेर गाठले. तेथून सुमारे 40 किलोमीटरवर सम येथे वाळूच्या टेकड्या आहेत. भर दुपारी त्या सपाट व निर्जीव दिसतात. परंतु सूर्य उगवताना तिरपे किरण पडले, की प्रत्येक लहरीला स्वतःची सावली मिळते. म्हणून मी पहाटेच तेथे जाऊन बसलो. सूर्यबिंब वर आले, आणि त्याच क्षणी समोरच्या टेकडीवर एक मेंढपाळ आपला कळप घेऊन अवतरला! मी वैतागून हातानेच त्याला बाजूला होण्याची खूण केली. बिचाऱ्याने सारा कळप टेकडीआड नेला आणि माझे काम संपेपर्यंत तो तेथे थांबून राहिला. मी खाली उतरलो, तेव्हा त्याने आपल्याजवळचे पाणी माझ्यापुढे केले. त्या मुलखात वर्षाकाठी सुमारे 200 मिलिमीटर पाऊस पडतो. आमच्या आंबा घाटात तेवढा कधी कधी एका दिवसात कोसळतो. मी पोटभर पाणी प्यालो आणि निघालो. फिल्मवर तीन जागा शिल्लक होत्या.

पुढे ही छायाचित्रे मी वर्गात दाखवली. सातवीतील एक मुलगी वाळवंटाच्या चित्रावरून बराच वेळ भिंग फिरवत होती. खालच्या कोपऱ्यात बोट ठेवून तिने विचारले, “गुरुजी, येथून कोण गेले?”

तेथे मेंढ्यांच्या खुरांचे ठसे होते, आणि त्यांच्या कडेने माणसाच्या पावलांचे. इतकी वर्षे मी त्यांना चित्रातील डाग समजत आलो होतो. मी तिला सारी हकिगत सांगितली.

“मग त्यांना चित्रात का घेतले नाही?”

मी कॅमेऱ्याविषयी, प्रकाशाविषयी काहीतरी बोललो. तिचे समाधान झाले नाही.

गेल्या वर्षी चौकट बदलताना कारागीर म्हणाला, “गुरुजी, हा कोपरा कापला तर चित्र स्वच्छ दिसेल.” मी तो तसाच ठेवायला सांगितला.