निळ्या वळ्यांचा शिकारी

७ मार्च, मेलबर्न
सकाळच्या ओहोटीला रिकेट्स पॉइंटच्या खडकांवर गेले. इथली ओहोटी मालवणसारखी ऐसपैस नाही, पाणी मीटरभरसुद्धा उतरत नाही. तरी गुडघाभर डबकी उघडी पडतात. आज तो दिसला! निळ्या वळ्यांचा ऑक्टोपस. लिंबाएवढं अंग, रंग मळकट, वळी जेमतेम जाणवणारी. समोर नखाएवढा खेकडा. ऑक्टोपस खडकाला चिकटून इंच इंच सरकला आणि एकदम छत्रीसारखा त्याच्यावर पसरला. कडेने खेकड्याचे दोन पाय बाहेर राहिले होते. ते थरथरले, मग सैल पडले.

८ मार्च
कालचं डोक्यातून जात नाही. बाहूंच्या मधोमध पोपटासारखी चोच असते. तिने कवच भेदायचं, लाळ आत सोडायची. त्या लाळेत टेट्रोडोटॉक्सिन असतं, जपानी फुगू माशातलंच विष. नसांमध्ये सोडियम शिरायच्या वाटा ते बुजवतं, म्हणून स्नायूंना निरोपच पोचत नाही. मग लाळेतले पाचक रस मांस सुटं करतात. आपण नांगी फोडून, चोखून जेवढी साफ करतो, तेवढंच साफ कवच मागे उरतं. खेकडे, शंखात राहणारे खेकडे, कोळंबी, कधी लहान मासा, एवढाच त्याचा आहार.

१९५४ साली डार्विनजवळ एका तरुणाने असा ऑक्टोपस अंगावर खेळवला आणि काही तासांत त्याचा जीव गेला. या विषावर उतारा नाही. विष ओसरेपर्यंत कृत्रिम श्वास चालू ठेवायचा, एवढंच हाती असतं. तरी ऑक्टोपसला खुनी म्हणणं मला पटत नाही. डिवचल्यावर तो आधी निळी वळी झळकवून बजावतो.

९ मार्च
आईला फोनवर सगळं सांगितलं. तिने लगेच विचारलं, "मगे तां विख तेका सोताक बाधणा नाय?" नेमका प्रश्न! त्याच्या नसांमधल्या त्या वाटांची घडणच थोडी बदललेली आहे, विषाला तिथे पकड मिळत नाही.

१९ जुलै
कडाक्याची थंडी. कपारीत मादी बसलेली, बाहू आत दुमडलेले. त्यांच्या आड साबुदाण्याहून जरा मोठी अंडी. पन्नास-शंभर असतात म्हणे. या जातीची मादी पिल्लं बाहेर पडेपर्यंत ती अशी पोटाशी धरून फिरते आणि तेवढे दिवस खात नाही. जवळून एक खेकडा तिरका गेला. तिने बाहू हलवला नाही. मला गलबलून आलं.

११ ऑक्टोबर
कपार रिकामी. पिल्लं बाहेर पडली की आई मरते, हे माहीत होतं. तरी शेजारच्या दोन कपारी वाकून पाहिल्याच. पिल्लं सुरुवातीला अंड्यातल्या बलकावर तगतात, काही आठवड्यांत स्वतः शिकार धरू लागतात. पाण्यात हात न घालता पाऊण तास बसून राहिले. एकही दिसलं नाही. डबक्याच्या तळाशी वाळूच्या रंगाचे इवलेसे खेकडे मात्र पुष्कळ होते.