गडी उठला

आमच्याकडच्या कबड्डीत गडी बाद होत नाही, मरतो. रात्रीच्या सामन्यांत ध्वनिक्षेपकावर बसलेला समालोचक ‘बाद’ हा पुस्तकी शब्द अगत्याने वापरतो. पण दोरीपलीकडे चादरी पांघरून बसलेल्या मंडळींच्या तोंडी ‘मेला’ हाच शब्द असतो. मेलेल्याचा सोबती समोरच्या गड्याला शिवून मध्यरेषेवर परतला की मेलेला ‘जिता’ होतो आणि धूळ झटकत आत येतो. आम्हां दोघांपैकी एक जन्माने आरमोरीचा, दुसरा कोल्हापूरकडून नोकरीनिमित्त येऊन येथेच रुजलेला. ‘खेळ’चा ‘खेर’ करणारी झाडीबोली आणि पंचगंगेकाठची बोली यांत अंतर पुष्कळ. या मरण्या-उठण्याच्या भाषेत मात्र ते नाही. आम्ही दोघेही मराठी शिकवतो. या शब्दांकडे आमचे लक्ष आधीच जायला हवे होते. ते उशिरा गेले, आणि त्या उशिराची किंमत दुसऱ्याच कोणीतरी मोजली. म्हणून हे लिहिणे.

प्रसंग आधी सांगतो. दिवाळीनंतर झाडीपट्टीत मंडईचे दिवस सुरू होतात. वडशाच्या नाटक कंपन्यांच्या गाड्या गावोगाव फिरू लागतात, आणि धानाची चुरणी आटोपत आली की रात्रीच्या कबड्डीला रंग चढतो. २०१८च्या जानेवारीत वैरागडच्या बाजूच्या एका गावी अशी स्पर्धा होती. आमच्या आजी-माजी विद्यार्थ्यांनी मिळून एक संघ बांधला होता. गणवेशाचे पैसे आम्ही दोघांनी दिले होते, त्यामुळे तो संघ ‘आपला’ असल्याचा आमचा समज थोडा अधिकच पक्का होता. उपांत्य सामन्यात आमचा सर्वांत चपळ चढाईपटू कोपऱ्यात सापडला. एकाने घोटा धरला, दोघे अंगावर आले, आणि त्याचा खांदा निखळला. त्यात कपट होते असे आज छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण तो मातीत कण्हत असताना पकड करणाऱ्यांनी त्याच्या उशाशी उभे राहून शड्डू ठोकले आणि प्रेक्षक हसले. खांद्यापेक्षा ते हसू आमच्या पोरांना अधिक लागले. वर्षभर त्यांनी ते जपून ठेवले. आम्हीही ठेवले.

पुढच्या वर्षी, म्हणजे २०१९च्या जानेवारीत, त्याच गावी, त्याच संघाशी गाठ पडली. तो संघ कुरखेडा तालुक्यातला. योगायोग असा, की त्याच सकाळी आमच्यापैकी एकाने एम.ए.च्या वर्गात खाडिलकरांचे ‘कीचकवध’ शिकवले होते. १९०७ साली रंगभूमीवर आलेले, कर्झनशाहीवरचे रूपक म्हणून गाजलेले आणि १९१०मध्ये सरकारने बंदी घातलेले हे नाटक शिकवताना मास्तराच्या अंगात भीम संचारतोच. तो त्या दिवशी रात्रीपर्यंत उतरला नव्हता. सामन्याआधी पोरे पाया पडली आणि दोन शब्द बोलण्याचा आग्रह झाला. आम्ही बोललो. अपमान गिळणारा युधिष्ठिर आणि अपमान न गिळणारा भीम, हे भेद समजावून सांगितले. कीचक कोण ते तुम्हांला ठाऊकच आहे, असे म्हणून थांबलो. पोरे हसली. वक्तृत्व म्हणून ते थांबणे चांगले साधले होते, हे आज कबूल करायला हवे.

उत्तरार्धात त्यांचा एक कोवळा चढाईपटू आत आला. हा मुलगा आदल्या वर्षीच्या संघात नव्हताच. आमच्या कोपऱ्याने त्याचा घोटा धरला, दुसऱ्याने कंबर. त्याचा दम सुटला, पंचाची शिटीही झाली. पकड मात्र सुटली नाही. पाय मातीत रुतलेला आणि अंग वळलेले, अशा अवस्थेत गुडघा फिरला. तो आवाज आम्हांला ऐकू आला नाही, कारण आमच्या बाजूने टाळ्या वाजत होत्या, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांत आम्ही होतो. तो मेला म्हणून नियमाप्रमाणे आमचा एक गडी उठला. बाहेर बसलेल्यांत पहिला क्रम होता तो खांदा निखळलेल्या चढाईपटूचाच. तो शड्डू ठोकत आत गेला. नाटककारालाही इतके जुळवून आणणे अवघड गेले असते.

सामना आम्ही जिंकला. पंचांनी आमच्या संघाला ताकीद दिली. मुलाला रात्रीच मोटरसायलीवर मध्ये बसवून दवाखान्यात नेले.

यानंतर काही महिने आम्ही दोघे या विषयावर एकमेकांशी बोललो नाही. बोललो तेव्हा आडवळणाने बोललो. आमच्या शारीरिक शिक्षणाच्या सहकाऱ्यांचा बेसबॉलचा व्यासंग आहे. विद्यापीठीय स्पर्धांत हा खेळ असतो, एवढ्यापुरताच आमचा त्याच्याशी परिचय. त्यांच्याकडून एक गोष्ट कळली. अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये एक अलिखित संहिता फार काळ चालत आली. तुमच्या पिचरने आमच्या फलंदाजाला मुद्दाम चेंडू मारला, तर आमचा पिचर तुमच्यापैकी कोणाला तरी मारील. हे ‘कोणाला तरी’ महत्त्वाचे. ज्याने आगळीक केली त्यालाच चेंडू लागेल असे नाही. त्या गणवेशातला कोणीही चालतो. ज्याला लागला तो निमूट पहिल्या तळावर जाऊन उभा राहतो आणि हिशेब मिटला असे धरले जाते. प्रत्यक्षात तो क्वचितच मिटतो, कारण दोन्ही बाजूंच्या वह्यांत शेवटची नोंद वेगवेगळी असते. हे ऐकताना आम्हां दोघांच्याही डोळ्यांपुढे तो आदल्या वर्षी संघात नसलेला मुलगा आला.

त्याच सहकाऱ्यांनी २२ ऑगस्ट १९६५ची हकीगत सांगितली. सॅन फ्रान्सिस्को जायंट्स आणि लॉस एंजेलिस डॉजर्स, हाडवैर असलेले दोन संघ. जायंट्सचा पिचर हुआन मारिचाल याने डॉजर्सच्या फलंदाजांना अंगाजवळून चेंडू टाकले होते. मग मारिचाल स्वतः फलंदाजीला आला तेव्हा डॉजर्सचा कॅचर जॉन रोझबोरो याने पिचरकडे चेंडू परत फेकताना तो त्याच्या कानाजवळून फेकला. मारिचाल वळला आणि त्याने हातातली बॅट रोझबोरोच्या डोक्यात घातली. रक्ताने माखलेला चेहरा आणि मैदानभर झोंबणारे दोन संघ यांची छायाचित्रे जगभर गेली. त्याच महिन्यात लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात वांशिक दंगलीत ३४ माणसे मेली होती. मारिचालच्या मायदेशात, डॉमिनिकन प्रजासत्ताकात, एप्रिलपासून यादवी पेटली होती. ती आग मनात घेऊनच दोघे मैदानात उतरले असावेत. खेळ म्हणजे आयुष्यातून काढलेली सुट्टी असे आपण म्हणतो खरे, पण सुट्टीला जाताना सामान घरी राहत नाही.

या दोघांचे पुढे काय झाले ते अधिक विचार करायला लावणारे आहे. मारिचालला आठ दिवसांची बंदी आणि १७५० डॉलर दंड झाला. मोठ्या खेळाडूंच्या मानाच्या यादीत त्याचे नाव यायला त्या एका घटनेमुळे उशीर होत राहिला. तेव्हा त्याच्या बाजूने जाहीरपणे उभा राहिला तो रोझबोरो. १९८३ साली मारिचालला तो मान मिळाला. २००२मध्ये रोझबोरो वारला तेव्हा त्याच्या अंत्यविधीत मानाचा खांदेकरी म्हणून मारिचाल होता.

येथे आम्हांला आमच्याच खेळाचे एक जुने नाव आठवले. कबड्डीचे नियम महाराष्ट्रात बांधले जात होते त्या काळात तिचे तीन प्रकार प्रचलित होते: अमर, गामिनी आणि संजीवनी. अमरमध्ये गडी मरूनही मैदानाबाहेर जात नसे, नुसते गुण मोजले जात. गामिनीत मेलेला संपूर्ण संघ मरेपर्यंत बाहेरच बसे. संजीवनीत समोरचा मेला की आपला उठे. आजची कबड्डी मुख्यतः या तिसऱ्या प्रकारातून आली. ज्या कोणी ही नावे ठेवली, त्याची पुराणांशी जुनी ओळख असली पाहिजे. बेसबॉलच्या अलिखित संहितेत प्रतिशोधाने आपला पडलेला माणूस उभा राहत नाही. दोन माणसे पडतात, इतकेच. कबड्डीने प्रतिशोधाला नियमांच्या आत जागा दिली आणि त्याचा हेतूच बदलला: समोरच्याला बाद करायचे ते आपला परत यावा म्हणून. त्यासाठी त्याला शिवले तरी पुरते. धरलेल्याचा दम सुटला की काम झाले. त्यापुढचे जे काही, ते सारे आमच्या भाषणातले होते.

खाडिलकरांनीच १९१३मध्ये ‘विद्याहरण’ लिहिले. आम्ही ते वर्गात नेहमी घाईत उरकतो. मद्यपानाच्या अनिष्टतेवर चार वाक्ये आणि नाट्यपदांवर दोन. कचाची कथा मात्र या खेळाशेजारी ठेवून पाहावी. असुर त्याला पुन्हा पुन्हा मारतात, शुक्राचार्य पुन्हा पुन्हा उठवतात. शेवटी त्याची राख मद्यातून शुक्राचार्यांच्याच पोटात जाते. विद्या शिकून कच त्यांचे पोट फाडून बाहेर येतो आणि त्या विद्येचा पहिला प्रयोग गुरूवर करतो. तो गुरू शत्रुपक्षाचा असतो. मैदानातली संजीवनी आपल्याच गड्याला उठवते. कचाची संजीवनी सीमारेषा ओलांडून जाते. एकाच नाटककाराच्या दोन नाटकांतले आम्हांला त्या सकाळी सापडले ते फक्त पहिले. सूडाची कथा शिकवायला सोपी असते, तिला आदी-मध्य-अंत असतो, विद्यार्थी जागे राहतात.

व्यावसायिक कबड्डीला हे सारे उमगले आहे की नाही, सांगणे कठीण. २०१४ला प्रो कबड्डी सुरू झाली, आणि ‘ले पंगा’ ही तिची आरोळी झाली. वैर हा तेथे विक्रीचा माल आहे, शड्डू ठोकणाऱ्या मांडीवर कॅमेरा नेमका असतो. आमच्या पोरांनी शड्डूची ती ऐट तेथूनच उचलली. पण त्याच बाजारात एक विलक्षण गोष्ट घडली. ७ ऑक्टोबर २०२३ला हांगझौच्या आशियाई स्पर्धेत भारत आणि इराण अंतिम सामना खेळत होते. २८-२८ अशी बरोबरी असताना एका चढाईच्या निर्णयावरून वाद पेटला, खेळाडू मॅटवरच बसले, खेळ तासाभर थांबला. अखेर भारताने ३३-२९ असा विजय मिळवला. भारतीय संघात आपला अस्लम इनामदार होता आणि इराणकडून पकडीला मोहम्मदरेझा शादलू. त्यानंतर अवघ्या काही दिवसांत झालेल्या लिलावात पुणेरी पलटणने शादलूला २ कोटी ३५ लाखांना घेतले. अस्लमच्या नेतृत्वाखाली तो खेळला, आणि मार्च २०२४मध्ये पलटण प्रथमच विजेती ठरली. पैशाने वैर मिटते असे सुचवायचे नाही. तरी पैशाने जे घडवले ते आम्हांला साहित्याने घडवता आले नाही, ही बोच राहते. असो.

त्या मुलाकडे आम्ही गेलो ते मे महिन्यात. चार महिने का लागले याचे उत्तर आमच्याकडे आहे, पण ते येथे लिहिण्याजोगे नाही. १ मे २०१९ला कुरखेडा तालुक्यात जांभुळखेड्याजवळ माओवाद्यांनी घडवलेल्या भूसुरुंगाच्या स्फोटात १५ पोलीस आणि त्यांच्या गाडीचा चालक असे १६ जण गेले होते. त्यालाही आदल्या वर्षीच्या एका चकमकीचा बदला म्हटले गेले. आमच्या जिल्ह्यात हा शब्द असा कानावर येतो, आणि आम्ही तो मैदानावर हौसेने वापरला होता. रस्त्यात आम्हांला दोनदा अडवून चौकशी झाली.

मुलाचे घर गावाच्या टोकाला. अंगणात तेंदूपाने पसरलेली. त्याची आई ७०-७० पानांचे पुडे बांधत होती, आणि तोही एक पाय लांब करून तेच करत होता. गुडघ्याची शीर तुटलेली. शस्त्रक्रिया सांगितली होती, झाली नव्हती. जानेवारीपूर्वी तो रोज पहाटे डांबरी रस्त्यावर १६०० मीटर पळायचा, पोलीस भरतीसाठी. हे आम्हांला तेथे कळले. आम्ही कोण ते सांगितले. चार फळे आणि एक पाकीट खाटेवर ठेवले. क्षमेचे वाक्य वाटेत दोघांनी मिळून तयार केले होते. ते अर्धेच बोलून झाले.

आई म्हणाली, “पाय गेला तं बरंच झालं जी, सर. आता तो पोलिसात नाही जात.”

तिने हे समाधानाने म्हटले की कसे, ते आम्हांला ठरवता आले नाही. त्या आठवड्यात गाड्यांतून काय परत आले होते ते तिने पाहिले होते. तिच्या त्या वाक्याचा आडोसा घेऊन आम्ही निघू शकलो असतो, आणि क्षणभर तसे वाटलेही. मुलाने आईकडे पाहिले नाही. हातातला पुडा पूर्ण केला, दोरी आवळली.

मग त्याने विचारले, “सर, मी मेलो तेव्हा तुमचा कोन उठला?”

आम्ही नाव सांगितले.

“चांगला खेरते तो,” तो म्हणाला, आणि पुढची पाने मोजू लागला.