अंबाजोगाईचे मातीचे बैल

श्रावणी अमावास्येचा पोळा दुसऱ्या दिवशी होता. योगेश्वरीचे दर्शन घेऊन निघालो, तो एका कुंभारणीच्या ओट्याशी थबकलो. मातीचे बैल रंगत होते. आधी डिंकात कालवलेल्या खडूचा पांढरा हात. तो वाळला की शिंगे पिवळी, पाठीवर झूल, गळ्यात ठिपक्यांची घुंगुरमाळ. डोळे अगदी शेवटी! मी उतावळेपणाने ओल्यावरच काळा ठिपका टेकवला, अन् बैल रडू लागला. बाई हसल्या.

शेजारी एक पोरगा जोडी निवडत होता. आईबाप दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात, ते आता ट्रॅक्टरच्या टोळीत. घरचे बैल उन्हाळ्यातच विकले.

"शिंगं लाल करा, मावशी. आमच्या सर्जाची लालच व्हती."

मावशींनी ओले पिवळे पुसले आणि पुन्हा पांढऱ्यापासून सुरुवात केली.