कानातली असई

कंपनीच्या कामासाठी परदेशात गेलो होतो तेव्हा मोबाईलवर फुकटचा ऑडिओ टूर ऐकत अख्खं शहर पालथं घातलं. कानात बाई सांगणार, "आता डावीकडे वळा," की आपण वळायचं. मधेच कॉफी प्यावीशी वाटली तर पॉझ. मस्त प्रकार! म्हटलं, आमच्या जालना जिल्ह्यातल्या असईसाठी का नको?

असई म्हणजे २३ सप्टेंबर १८०३. केळणा आणि जुई नद्यांच्या बेचक्यात शिंदे-भोसल्यांची फौज. वाटाडे म्हणाले, जवळपास उतार नाही. पण वेलस्लीला नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली. त्याने ताडलं, मधे उतार असणारच. होताच! पुस्तकात ह्या चार ओळी. काठावर उभं राहून ऐकल्या तर अंगावर काटा येतो.

मग एका वीकांताला स्क्रिप्ट लिहायला घेतली आणि अडलो. इंग्रजांकडचे मेलेले-जखमी दीड हजारांवर, त्यांचा व्यवस्थित हिशोब आहे. वेलस्लीच्या घोड्याचंसुद्धा नाव आहे, डायोमेड! आणि तोफा हातच्या गेल्यावर मेल्यासारखे पडून राहिलेले, मग उठून इंग्रजांवर पाठीमागून त्याच तोफा डागणारे आपले लोक? इंग्रजांच्या हकीकतींत ते नुसते 'गोलंदाज'. घोड्याला नाव, ह्यांना नाही.

घोडा मी गाळला. तिसऱ्या थांब्यावर गोलंदाजांची हकीकत सांगून दोन मिनिटं बोललोच नाहीये, फक्त शेतातला वारा आहे.

आईला ऐकवलं. तिथे आल्यावर हेडफोन काढून म्हणाली, "बंद पडलं का रे हे?"