उशी तीच, खोळ नवी

पुण्याहून लोणावळ्याकडे जाणारी लोकल दापोडी आणि कासारवाडी मागे टाकून पिंपरी स्थानकात थांबते. येथून जवळच पिंपरी कॅम्पाचा बाजार सुरू होतो. १९४७ च्या फाळणीनंतर सिंध प्रांतातून विस्थापित होऊन आलेल्या कुटुंबांनी येथे नव्याने संसार मांडले आणि त्यांच्या लहानमोठ्या दुकानांतून ही पेठ उभी राहिली. शगुन चौकाच्या आसपास कापडाची ठाणे, पडदे, चादरी आणि शिलाईचे सामान यांची रेलचेल असते. गणपतीपासून दिवाळीपर्यंत तर या गल्ल्यांतून वाट काढणे कठीण होते. त्याच दिवसांत दुकानांच्या दारांत सोफ्याच्या उशांचे रंगीत अभ्रे दिसू लागतात. पाच नगांचा एक संच, प्रत्येक सणाला नवा रंग आणि दरवर्षी नवी नक्षी.

या अभ्र्यांना येथे एवढी मागणी का, याचे उत्तर शहराच्या जडणघडणीत आहे. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना आला. १९६२ मध्ये राज्यात औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली आणि पुढील काही वर्षांत पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी येथील शेतांवर कारखान्यांच्या छपरांची रांग लागली. १९७० मध्ये नगरपालिका आणि १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. मराठवाडा, खानदेश, विदर्भ, सोलापूर आणि पुढे उत्तर भारतातून माणसे कामासाठी येत गेली. त्यांच्यामागून किराणा, कापड आणि भांडी यांचा व्यापार करणारी आपली कुटुंबेही आली. चिंचवडच्या श्री फत्तेचंद जैन विद्यालयाचे नाव येथे घरोघरी ठाऊक आहे.

अशा शहरातील पुष्कळ घरे भाड्याची असतात. करारनामा अकरा महिन्यांचा. भिंतीला खिळा ठोकायचा नाही, रंग बदलायचा नाही, ही घरमालकाची अट. मग घर आपले वाटावे यासाठी गृहिणीच्या हाती उरते काय? पडदा, चादर आणि उशीचा अभ्रा. हौस खरी आहे आणि तिचे कारणही खरे आहे. परंतु दर सणाला नवा संच आणायचा आणि जुना कपाटात कोंबायचा, ही सवय घरातील वडीलधाऱ्यांना खटकते. सून म्हणते, चार पाहुणे येतात, घर प्रसन्न दिसायला हवे. सासू म्हणते, आधीचे काय झाले? अनेक घरांत दिवाळीच्या तोंडावर होणारा हा संवाद दोन्ही बाजूंनी योग्यच असतो.

या वादाचे उत्तर जुन्या पेढीवर सापडते. पेढीवरची गादी, पाठीशी लोड, कुशीला तक्क्या आणि त्यांवर पांढरीशुभ्र खोळ ही व्यापारी घराची ओळख होती. लोड वर्षानुवर्षे तोच असे. खोळ मात्र आठवड्याला धुतली जाई आणि दिवाळीत वहीपूजनाच्या दिवशी नवी चढे. भांडवल कायम ठेवायचे आणि चालू खर्च तेवढा बदलता ठेवायचा, असा हिशेब त्यात होता. तोच नियम सोफ्याच्या उशीला लावला की प्रश्न निम्मा सुटतो. उशा पाचच ठेवाव्यात, खोळींचे संच ऋतूगणिक चार करावेत, आणि नवा संच शिवला की सर्वांत जुना घराबाहेर द्यावा. परिग्रह-परिमाणाचे व्रत घेतलेल्या घरात ही मर्यादा वेगळी सांगावी लागत नाही.

आता कापडाचे गणित. सोळा इंची खोळीसाठी पुढचा चौरस सतरा बाय सतरा इंचांचा कापावा. मागच्या बाजूस सतरा बाय साडेअकरा इंचांचे दोन तुकडे घ्यावेत. तिन्ही तुकडे ओळीने मांडले तर लांबी चाळीस इंच होते. बाजारातील सुती कापडाचा पन्हा साधारण चव्वेचाळीस इंच असतो. म्हणजे पन्ह्यात आडवी कापलेली सतरा इंचांची एक पट्टी म्हणजे एक खोळ. पाच खोळींना पंच्याऐंशी इंच, अर्थात सव्वादोन मीटर कापड पुरते. सुती कापड पहिल्या धुण्यात आटते, म्हणून अडीच मीटर घ्यावे आणि धुऊन, इस्त्री करूनच कात्री लावावी. एकेक मीटरचे तुकडे घेतल्यास मीटरमागे दोनच खोळी निघतात आणि पाच इंचांची पट्टी वाया जाते.

समजा कापड मीटरला १२० रुपये पडले, तर अडीच मीटरचे ३०० आणि दोऱ्याचे २० धरून संच ३२० रुपयांत होतो. तयार संच ६०० रुपयांचा धरला तर चार ऋतूंना २४०० आणि घरी १२८० रुपये. कटपीस मिळाला किंवा जुनी साडी वापरली तर हा आकडा आणखी उतरतो. साडेपाच मीटरच्या साडीतून मापाप्रमाणे बारा खोळी निघू शकतात. विरलेला भाग सोडला तरी सात-आठ सहज मिळतात. साडीचे कापड पातळ असल्यास जुन्या चादरीचे अस्तर लावावे.

शिलाई अगदी सोपी आहे. मागच्या दोन्ही तुकड्यांची एकेक लांब कड इंचभर दुमडून शिवावी. पुढचा चौरस सुलटी बाजू वर करून पसरावा, त्यावर मागचे तुकडे उलटे ठेवावेत. दुमडलेल्या कडा मध्यभागी चार इंच एकमेकींवर येतात. चारही बाजूंनी अर्धा इंच सोडून शिवण घालावी, कोपरे तिरके छाटावेत आणि खोळ उलटवावी. ना चेन लागते, ना बटण. आतली उशी खोळीपेक्षा इंचभर मोठी ठेवली तर कोपरे भरलेले दिसतात. एवढ्या एका गोष्टीने घरची खोळ दुकानातल्यासारखी दिसते.

कापड निवडताना आपल्या घरांत एक विचार अधिक होतो. रेशमाचा धागा अखंड मिळावा म्हणून कोश आतल्या किड्यासह उकळत्या पाण्यात टाकले जातात. त्यामुळे रेशमी अभ्रा कितीही झळाळला तरी अनेक घरांत तो वर्ज्य असतो. त्याची उणीव भासत नाही इतके सुती वैभव महाराष्ट्रात आणि सीमाभागात आहे. इचलकरंजीच्या मागांवरचे साधे सुती कापड, सोलापुरी चादरीची जाड वीण, गुळेदगुड्डचा खण. खण घेताना त्यात रेशीम आहे की सुती आणि कृत्रिम धागा, हे दुकानदारास स्पष्ट विचारावे. व्यापाऱ्याला अशा प्रश्नाचा राग येत नाही. माल ओळखून घेणाऱ्या गिऱ्हाइकाचा त्याला आदरच वाटतो.

भरणाच्या बाबतीतही तेच. पिसे भरलेल्या उशा मऊ असतात, पण त्या आपल्या नव्हेत. कापूस हा जुना सोबती. पूर्वी पिंजारी, ज्यांना नदाफ असेही म्हणतात, धनुष्याच्या आकाराचे पिंजण खांद्यावर टाकून दारोदार येत आणि दबलेला कापूस पुन्हा फुलवून देत. आता हे काम बहुतेक ठिकाणी यंत्रावर होते. सात किलो कापसाची एक जुनी गादी पुन्हा पिंजून घेतली, तर प्रत्येकी सातशे ग्रॅमच्या दहा उशा भरतात. कापूस ओल धरतो आणि त्याच्या गुठळ्या होतात. म्हणून पावसाळ्यापूर्वी, वैशाखाच्या उन्हात, उशा दोन दिवस वाळवाव्यात. चातुर्मासात दमट भरणात सूक्ष्म जीव वाढू नयेत यासाठी ही काळजी आपल्या घरांत पूर्वीपासून घेतली जाते. कृत्रिम तंतू हलका असतो, चारशे ग्रॅममध्ये उशी भरते आणि धुताही येते. मात्र तो ज्योतीच्या उष्णतेने वितळतो. दिवाळीच्या पणत्यांपासून आणि देवघराच्या निरांजनापासून अशी उशी दूर असावी.

नाशिक फाट्यावरून भोसरीमार्गे मोशीकडे निघाले, की शहराची दुसरी बाजू दिसते. इंद्रायणीचा पूल ओलांडला की चिंबळी, कुरुळी आणि पुढे चाकण. १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळा यांनी शाएस्तेखानाच्या फौजेला जवळजवळ दोन महिने झुंजवले, तो संग्रामदुर्ग येथलाच. नंतर चाकण कांद्याच्या बाजारासाठी नावाजले आणि अलीकडे मोटारींसाठी. फोक्सवॅगनचा कारखाना येथे २००९ मध्ये सुरू झाला. त्याच्या आगेमागे इतर मोठे कारखाने आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे असंख्य लहान उद्योग आले.

मोटारीच्या आसनांचे कापड कापताना कडेचे तुकडे उरतात. या कापडाला मागून फोमचा पातळ थर चिकटवलेला असतो. त्यामुळे ते ताठ आणि टिकाऊ असते. अंगाला लागणाऱ्या बाजूस ते बोचते. पण जमिनीवर ठेवायच्या बैठकीच्या उशीचा तळ त्याचा केला तर वर्षानुवर्षे झिजत नाही. घरातल्या शिलाई यंत्रावर शिवताना जाड सुई लावावी आणि टाका मोठा ठेवावा.

येथे एक सावधगिरी हवी. कारखान्यातील उरलेला माल हीसुद्धा मालमत्ता असते. ती रीतसर विकली जाते आणि फाटकावर नोंद होऊन बाहेर पडते. ओळखीच्या कामगाराने पिशवीत घालून आणलेला तुकडा फुकट वाटतो, पण चोरून आणलेला माल स्वीकारणे हा अचौर्य अणुव्रताचा अतिचार म्हणून शास्त्राने स्पष्ट सांगितला आहे. पावती देणाऱ्या भंगार व्यापाऱ्याकडूनच असा माल घ्यावा. हा व्यापारही स्थिर नसतो. चिखलीलगतची कुदळवाडी भंगाराच्या गोदामांसाठी ओळखली जात असे. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने तेथील हजारो अनधिकृत बांधकामे पाडली आणि पाहता पाहता एक पूर्ण पेठ दिसेनाशी झाली.

चाकणच्या पुढे राजगुरुनगर आणि भीमाशंकरच्या वाटेवर डोंगरउतारांवर काटेसावर भेटते. उन्हाळ्यात तिची बोंडे उकलतात आणि रेशमासारखा मऊ, पांढरा कापूस वाऱ्यावर उडतो. हे तंतू आखूड आणि गुळगुळीत असल्याने त्यांचे सूत निघत नाही. उशीसाठी मात्र ते उत्तम. एका उशीला पुरेल इतका कापूस जमवायला पुष्कळ दिवस लागतात. तरीही झाडाखाली गळून पडलेली बोंडे मुलांनी वेचून आणावीत, नीट झटकून घ्यावीत आणि त्यांची एखादी लहान उशी करावी. ती उशी मुले कधी विसरत नाहीत.

राहिला ऋतूंचा क्रम. चैत्रात पांढरी किंवा फिक्या कैरीच्या रंगाची पातळ सुती खोळ असावी. पावसाळ्यात गडद आणि लवकर वाळणारे कापड बरे. पर्युषणाच्या दिवसांत साधी पांढरी खोळ पुष्कळ घरांत आवडीने घातली जाते. शरदात, निर्वाणकल्याणकाच्या आणि वहीपूजनाच्या दिवाळीत, खणाचा तांबडा किंवा जांभळा रंग खुलतो. थंडीत जुन्या सोलापुरी चादरीचा चांगला भाग कापून केलेली जाड खोळ ऊब देते. उरलेल्या चिंध्यांना ठिगळे जोडून, धावदोऱ्याने गोधडीसारखी शिवली तर पाचवी खोळ जवळजवळ फुकट पडते.

नाणेकरवाडी, खराबवाडी, म्हाळुंगे या चाकणच्या आसपासच्या गावांत आता भाड्याच्या खोल्यांचे मजल्यावर मजले उभे आहेत. महिनाअखेरीस रस्त्यांवर सामानाचे टेम्पो दिसतात. कोणाची बदली झालेली असते, कोणाचे कंत्राट संपलेले. कपाट सोडवावे लागते, पलंग ओरखडतो, एखादी वस्तू वाटेत फुटते. अभ्र्यांचे चारही संच मात्र घडी घालून एका पिशवीत मावतात. नव्या खोलीत दिवा लागतो, चूल अजून मांडायची असते, भिंती परक्या असतात. आजीच्या साडीची खोळ चढवलेली उशी सतरंजीवर ठेवली जाते आणि दिवसभर दमलेले मूल तिच्यावर डोके टेकून झोपी जाते.