अक्का, पिकायची वाट बघू नकोस

ती. अक्कास,


काल फोनवर तू पुन्हा तेच म्हणालीस. "माझा मोतीबिंदू अजून पिकला नाहीये, पिकला की बघू." आंबा आहे का तो, अढीत घालून पिकायची वाट बघायला? मी उत्तर दिलं नाही, कारण हे शेजारी औषधाची बाटली हलवत उभे होते. थेंबांच्या वेळेबाबत हे सध्या भलतेच कडक झालेत. शिवाय फोनवर तू मला बोलू कुठे देतेस? म्हणून लिहितेय. आणि हो, लिहिण्या-वाचण्यावर बंदी नाही. डोळा दमला की मिटायचा, एवढंच. तेव्हा "ऑपरेशन झालेल्या डोळ्यानं कशाला लिहीत बसलीस" असं ओरडू नकोस.

तुझ्या मनात काय आहे ते मला ठाऊक आहे. तुझ्या मनात आजी आहे.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आधीच्या हिवाळ्यात शाळेत नेत्रशिबिर भरलं होतं. बाकं व्हरांड्यात रचलेली आणि वर्गात सतरंज्यांवर ओळीनं म्हातारी माणसं उताणी निजवलेली. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. हलायचं नाही, खोकायचं नाही, दोन्ही डोळ्यांना पट्ट्या. तू पंधरा वर्षांची असशील. उशाशी बसून आजीला चमच्यानं पेज भरवायचीस. मी दारातून बघायचे आणि पळून जायचे. नंतर तिला तो जाड भिंगांचा चष्मा मिळाला. त्यातून सगळं पाव पट मोठं आणि जवळ दिसायचं. तांब्या घ्यायला ती हात पुढे करायची आणि मूठ अलीकडेच मिटायची. पहिल्यांदा आपण दोघी हसलो, आजीही हसली. दुसऱ्यांदा तू हसली नाहीस. तू तांब्या हळूच तिच्या मुठीत सरकवलास आणि पुढे कायम तेच करत राहिलीस. हे मी तुला कधी बोलून दाखवलं नाही. आज दाखवते.

पण अक्का, ते दिवस वेगळे होते. तेव्हा डोळ्यातलं भिंग अख्खं काढून टाकत आणि त्या जागी काहीच घालत नसत. असल्या चष्म्यानं दिसण्यापेक्षा मोतीबिंदूतूनच बरं दिसतंय, तोवर थांबण्यात शहाणपण होतं. आता उलटं आहे. दोन-तीन मिलिमीटरच्या छेदातून बारीक नळी आत जाते, ध्वनिलहरींनी गढूळ भिंगाचे तुकडे करते आणि ओढून घेते. न्यूयॉर्कच्या केलमन नावाच्या डॉक्टरांनी १९६७ साली हे पहिल्यांदा केलं. दाताच्या डॉक्टरकडे खुर्चीत बसले असताना दात साफ करायचं यंत्र बघून त्यांना ही युक्ती सुचली म्हणे. तर मोतीबिंदू जितका जुना, तितका कडक. जितका कडक, तितकी ती नळी जास्त चालवावी लागते आणि डोळ्याला त्रास जास्त. फारच थांबलं तर तो आत फुगतो, डोळ्यातला दाब वाढतो, काचबिंदू मागे लागतो. मग कसलं पिकणं घेऊन बसलीस?

"डोळ्यात काच घालून घ्यायची नाही मला," हे तुझं दुसरं. काच नसते ती. महायुद्धात विमानाच्या खिडक्या फुटून वैमानिकांच्या डोळ्यांत प्लास्टिकचे कण गेले, ते तिथे नुसते पडून राहिले, डोळा चिघळला नाही. लंडनच्या रिडले डॉक्टरांनी हे पाहिलं आणि १९४९ साली त्याच जातीच्या प्लास्टिकचं भिंग माणसाच्या डोळ्यात बसवलं. आता तर ते घडी करून आत सोडतात, आत गेल्यावर आपोआप उलगडतं. आणि महागाईचं म्हणशील, तर पूर्वी ही भिंगं परदेशातून यायची. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयानं १९९२ साली स्वतःचा कारखाना काढला, तेव्हापासून ती गरिबाच्याही आवाक्यात आली. आणि "हिवाळा येऊ दे" हे तर बोलूच नकोस. ऑपरेशन बाराही महिने करतात.

घरी आल्यावरचं सांगते, कारण तुला खरी भीती त्याची आहे. ऑपरेशन काय, थेंबांची भूल होती, मी जागी होते, उजेडात रंग हलताना दिसत होते आणि डॉक्टर गप्पा मारत होते. घरी आले तर डोळ्यात खडा गेल्यासारखं खुपत होतं, पाणी येत होतं. ते कमी होत गेलं. रात्री पारदर्शक वाटी डोळ्यावर ठेवून पट्टीनं चिकटवायची, म्हणजे झोपेत हात जात नाही. चोळायचं नाही हे सगळ्यात अवघड. डोक्यावरून अंघोळ नाही. बादली उचलायची नाही, फोडणीच्या धुरापुढे उभं राहायचं नाही, वाकून देवघर पुसायचं नाही. म्हणजे जे तू दिवसभर करतेस त्यातलं काहीच नाही. मला वाटतं तू ऑपरेशनला नाही, ह्या रिकामपणाला घाबरतेस. खरं की नाही?

थेंबांचं मात्र शास्त्र आहे. खालची पापणी ओढायची, थेंब बुबुळावर नाही, त्या खोबणीत. दोन औषधांमध्ये पाच मिनिटं जाऊ द्यायची. सुरुवातीला ह्यांचा थेंब गालावरच पडायचा, मग म्हणायचे, "तू हललीस." आता हात बसलाय. दुखणं वाढलं, लाली वाढली किंवा दिसणं कमी झालं, तर मात्र सकाळची वाट बघायची नाही, रात्रीही डॉक्टरांना उठवायचं. हे त्यांनीच तीनदा बजावलंय.

आता तुझ्यावरचा आरोप. परवा नातवाचं दुपटं हातात घेतलं, तू शिवलेलं. डावा डोळा मिटला आणि नव्या उजव्यानं बघितलं. आईच्या त्या जुन्या साडीचा तुकडा निळा आहे, चक्क मोरपंखी निळा. मग उजवा मिटून डाव्यानं बघितलं, तर सगळं मळकं, पिवळट, निळं कुठे आणि काळं कुठे पत्ता नाही. मोतीबिंदू निळा रंग आधी खातो. आणि मग तुझे टाके दिसले. एका काठाला धावदोरा कसा, तुझ्या हातचा, तांदळाएवढा एकसारखा. दुसऱ्या काठाकडे येता येता तो वाकडा होत गेलाय. शेवटच्या दोन ओळींत निळ्याच्या जागी काळा दोरा आहे. तो तुला निळा दिसला ना? आणि मला सांगतेस, "मला सगळं दिसतं."

कृष्णाबाईच्या उत्सवात मी आले होते, तेव्हाही पाहिलं होतं मी. नदीच्या घाटाच्या पायऱ्या उतरताना तू शेवटच्या पायरीवर थांबलीस, पाय पुढे केलास आणि पायरी संपून पाणी कुठे सुरू होतं ते अंगठ्यानं चाचपलंस. मी विचारलं तर म्हणालीस, "पाणी किती गार आहे ते बघत होते." रोज पहाटे एकटी उतरतेस तू तिथे. ह्या वयात मांडीचं हाड मोडलं तर महिनोन्‌महिने अंथरुणात. तेव्हा कोण पेज भरवणार? मीच ना? भरवेन. पण ती वेळ का आणायची?

आणि तुझी साखर. मधुमेहात डोळ्याचा मागचा पडदा वरचेवर तपासावा लागतो, आणि पुढे मोतीबिंदू दाट झाला की डॉक्टरांना मागचं काही दिसत नाही. तुझा पडदा शेवटचा कधी तपासला? आठवत नसेल, तर तेच उत्तर आहे.

माझा दुसरा डोळा पुढच्या महिन्यात आहे. त्याच्या आधी तू ये, तुझी तपासणी करून घेऊ. डॉक्टर "आत्ता गरज नाही" म्हणाले, तर मी पुन्हा विषय काढणार नाही, शप्पथ. गरज आहे म्हणाले, तर इथेच राहायचं. थेंब हे घालतील, स्वयंपाकाला बाई आहे, तुला कोणी वाकू देणार नाही.

येताना तीन महिन्यांच्या साखरेचा रिपोर्ट आण. रक्त पातळ करायची गोळी घेतेस ना, तिची चिठ्ठीही आण आणि ती गोळी आपल्या मनानं बंद करू नकोस. सोमवारी सकाळची स्वारगेटची एसटी पकड. स्टँडवर हे येतील, मला अजून गाडी चालवायची परवानगी नाही.

तुझी,
धाकटी